पांडवलेणी कोणाची? एक खुलासा

कालपासून सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय: 'पांडवलेणी पांडवांनी वनवासात कोरली, बौद्धांचा तिथे काही संबंध नाही.' चूक आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातली ही २४ लेणी मुळात बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. पांडवांचं नाव मागाहून चिकटलं. दहाव्या लेण्यातला शिलालेखच घ्या. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात त्यात देव-ब्राह्मणांना १६ गावं दिल्याचं सांगतो, आणि त्याच दमात भिक्खूंना लेणं दिल्याचंही! भिक्खूंच्या चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) त्याने जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आपली एफडीच की! शेजारच्या अकराव्या लेण्यात तर जैन मूर्ती आहेत. फॉरवर्ड करणारे त्या पायऱ्या शेवटच्या कधी चढले होते, कोण जाणे.