तुवालूच्या पोरांना शिकायची गरज नाही म्हणे!

बारावीच्या निकालानंतर घरोघरी खलबतं चालू आहेत. त्यातच मावशीने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली मावसभावाला लिहिलं, 'बघ, जमतंय का.' फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा: तुवालू हा प्रशांत (पॅसिफिक) महासागरातला छोटा बेटांचा देश समुद्रात बुडाला. ऑस्ट्रेलियाने तिथल्या सगळ्यांना नागरिकत्व दिलं. त्यामुळे तिथल्या पोरांना शाळा-कॉलेजची गरजच उरली नाही, विमानातून उतरलं की नोकरी. आणि तुवालूचा पासपोर्ट काढला तर आपल्या पोरांनाही हाच रस्ता मोकळा. शेवटी, अर्थातच, एका एजंटचा मोबाइल नंबर.

'बुडाला' हे आधी निकालात काढू. 1971 ते 2014 या काळातल्या हवाई आणि उपग्रह छायाचित्रांवरून तुवालूच्या 101 बेटांची मोजणी झाली. 2018 साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा एकूण जमीन 2.9 टक्क्यांनी वाढलेली निघाली. लाटा प्रवाळाची वाळू आणून टाकतात, तिचा हा परिणाम. आता नाइलाजाने मान्य करायचं ते असं: जमीन वाढली म्हणून समुद्राची पातळी चढायची थांबलेली नाही. मोठ्या भरतीला राजधानी फुनाफुटीत पाणी जमिनीखालून वर येतं, खड्ड्यातल्या पुलाकाच्या (आपल्या अळूच्या भाऊबंदाच्या) पिकात खारं पाणी शिरतं. धोका खरा आहे. देश मात्र आहे तिथेच आहे, साधारण साडेदहा हजार माणसांसह.

'सगळ्यांना नागरिकत्व' म्हणणाऱ्याने करार उघडूनही पाहिलेला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये सही झालेला आणि 28 ऑगस्ट 2024 पासून लागू झालेला हा ऑस्ट्रेलिया आणि तुवालू यांच्यातला फालेपिली करार. त्यात वर्षाला 280 जणांची सोय आहे, तीही कायम वास्तव्याची, नागरिकत्वाची नव्हे. सोडत लागते. पहिल्या सोडतीची नोंदणी 16 जून ते 18 जुलै 2025 चालली, फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर. कुटुंबीय धरून 8,750 नावं आली. भागाकार करा: नवं एकही नाव न येता रांग संपायला एकतीस वर्षं.

पासपोर्टची थाप तर सरळ खिशावर डल्ला आहे. ही सोय जन्माने किंवा वंशाने तुवालूशी नातं असलेल्यांसाठी आहे, पैसे गुंतवून घेतलेलं नागरिकत्व इथे चालत नाही. फॉरवर्डवाल्याने बहुधा नाउरूची भेसळ केली आहे. पॅसिफिकमधल्याच त्या दुसऱ्या बेट-देशाने 2024 च्या शेवटी लाखाहून जास्त अमेरिकी डॉलरला नागरिकत्व विकायला काढलं. पण नाउरूच्या पासपोर्टवरही ऑस्ट्रेलियात व्हिसाशिवाय पाऊल टाकता येत नाही.

मात्र सगळ्यात संताप येतो तो 'शिकायची गरज नाही' या वाक्याचा. कराराने व्हिसासाठी नोकरीच्या पत्राची अट ठेवलेली नाही, हे खरं. ऑस्ट्रेलियात पोचल्यावर शिक्षण, आरोग्यसेवा आणि काही सरकारी भत्तेही मिळतात. पण नोकरी कोण देणार? फुनाफुटीत वायरिंग करणाऱ्याला तिथे राज्याचं लायसन्स हवं. नर्सला देशपातळीवरची नोंदणी हवी, शिक्षकाला वेगळी. कागद नसेल तर पॅकिंग शेड, साफसफाई, कत्तलखाना. पॅसिफिकमधल्या माणसांना ऑस्ट्रेलियात कामाला नेणाऱ्या हंगामी कामगार योजनेचं दुखणं हेच आहे. लहान मुदतीत नऊ महिने, लांब मुदतीत एक ते चार वर्षं फळं तोडा, मांस कापा. पैसे घरी जातात, पण परतताना हातात प्रमाणपत्र नसतं.

हे ओळखूनच 2007 साली ऑस्ट्रेलियाने पॅसिफिकसाठी तांत्रिक प्रशिक्षण संस्था काढली. सुतारकाम, वेल्डिंग, हॉटेलचं स्वयंपाकघर, वृद्धसेवा. प्रमाणपत्र थेट ऑस्ट्रेलियन दर्जाचं. हजारो पोरं शिकली, पण बाहेर जाऊ शकली ती अगदी मोजकी. कागद होता, तर दार बंद. आता 280 जणांना दार उघडलंय, तर सोडत कागद बघत नाही. एकाशिवाय दुसऱ्याला किंमत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

जहाजावरची नोकरी घ्या. रायगड-रत्नागिरीकडच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. फुनाफुटीच्या खाजणातल्या अमातुकू बेटावर 1979 पासून खलाशी घडवणारी शाळा आहे. समुद्रात तग धरणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा हे चार मूलभूत कोर्स तिथेही तेच, आपल्याकडेही तेच. पहिल्या दोनांची उजळणी दर पाच वर्षांनी. वैद्यकीय दाखला दोन वर्षं चालतो. खरी अडचण त्यापुढे आहे. पहाऱ्याचं (जहाजावर पाळीने लक्ष ठेवण्याचं) प्रमाणपत्र मिळायला किमान सहा महिने समुद्रावर काढावे लागतात, मान्यताप्राप्त विशेष प्रशिक्षण असेल तर किमान दोन. आणि तुवालूच्या नवशिक्या पोराला जहाजावर जागा द्यायला कंपनी नाखूष असते. का? प्रवास लांबचा आणि महाग.  फुनाफुटीहून मुख्यतः फिजीतल्या सुवाला जायचं, मग पुढची विमानं पकडून बंदर गाठायचं. फिलिपिनो खलाशी मनिलाहून थेट निघतो. तिकिटाचा फरक कंपनी मोजते. करोनात शेजारच्या किरिबातीचे खलाशी हॅम्बुर्गच्या युथ हॉस्टेलमध्ये महिनोन् महिने अडकले, कारण देशाची सीमाच बंद होती.

मासेमारी निरीक्षकाचं काम हा आणखी एक खरा रस्ता. पश्चिम आणि मध्य पॅसिफिकात टुना मासे पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या जहाजांवर 2010 पासून निरीक्षक सक्तीचा झाला. पगार बरा. पण वीस-पंचवीस परक्यांत एकटं राहून त्यांचीच चूक वहीत लिहायची. 2020 मध्ये किरिबातीचा एक निरीक्षक जहाजावरच मरण पावला.

शाळेचंही एवढ्यात सांगतो. सरकारी माध्यमिक शाळा, मोतुफोउआ, वाइतुपू बेटावर, वसतिगृहासह. दूरच्या नानुमेआ बेटावरच्या पोराला तिथे बोटीनेच जायचं, आणि बोट काही रोज नसते. पुढे साउथ पॅसिफिक विद्यापीठाचं फुनाफुटी केंद्र, बरंचसं दूरशिक्षणावर. तरीही पोरं शिकतात. त्यांना 'गरज नाही' असं सांगणारे आपण कोण?

मावशी, भावाला जहाजावरच जायचं असेल तर तो नंबर आधी ब्लॉक कर. डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या) वेबसाइटवर संस्था मान्यताप्राप्त आहे का ते बघ, भरती कंपनीचा आरपीएसएल (खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा) क्रमांक तिथेच तपास. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर उठून ये, खलाशाकडून असे पैसे घ्यायला परवानगीच नाही.