नुसते दगड?

आज एका ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे कुकर आणि मिक्सर घ्यायला गेले होते. पीआर, म्हणजे ऑस्ट्रेलियात कायम राहायची परवानगी, मिळाली, आता मेलबर्नला चाललेत, म्हणून सामान काढतायत. अभिनंदन झालं, चहा झाला, आणि मी सहज विचारलं, जायच्या आधी एकदा स्टँडली कॅझमला, त्या डोंगरातल्या खिंडीला, चक्कर मारून येताय ना? तर म्हणे, "कधी गेलोच नाही गं. इथे आहे काय बघायला, नुसते दगड."

तीन वर्षं राहिले हो अ‍ॅलिस स्प्रिंग्समध्ये! आणि कॅझम गावापासून 50 किलोमीटर. सोलापूरहून पंढरपूर याच्यापेक्षा लांब आहे, तरी माणसं चालत जातात. घरी आल्यापासून डोकं फिरलंय माझं.

माझे बाबा 2023 ला आले होते, पंढरपूरहून, वय 74, गुडघे दुखणारे. ऑगस्टमध्ये त्यांना हेन्ली-ऑन-टॉडला नेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, टॉड ही आमची नदी, वर्षातले बहुतेक दिवस ठार कोरडी, आणि त्या कोरड्या पात्रात 1962 पासून होड्यांची शर्यत होते. होडीला तळच नसतो, नुसता सांगाडा. तो चौघापाचजणांनी हातात धरायचा आणि वाळूतून पळत सुटायचं. 1993 ला शर्यत रद्द करावी लागली कारण नदीला पाणी आलं! बाबा फोल्डिंगच्या खुर्चीत बसले, दोन मिनिटांनी चप्पल काढली, पाय वाळूत खुपसले आणि म्हणाले, "अगं, हे तर आपलं वाळवंट." आपल्याकडे चंद्रभागेच्या पात्राला वाळवंटच म्हणतात ना. मी इथे इतकी वर्षं राहून मला हे सुचलं नव्हतं.

हां, मान्य आहे, उन्हाळ्यात 40-42 डिग्री असतं, माशा तोंडात शिरतात, विमानाचं तिकीट परवडत नाही, रात्री गाड्यांच्या काचा फुटतात, माझीही एकदा फुटलीय. पण म्हणून तीन वर्षं पडदे लावून बसायचं? जुलैत कॅमल कप असतो, उंटांची रेस, उंट मध्येच खाली बसतो नाहीतर उलटा पळतो आणि सगळं गाव ओरडत असतं. हे उंट कुठून आले माहितीय? 1860 साली कराचीहून जहाजाने आणले गेले, आणि पुढे त्यांना सांभाळायला जे उंटवाले आले त्यांना इथे सरसकट अफगाण म्हणायचे, पण त्यातले कितीतरी पंजाब, सिंध, बलुचिस्तानचे होते. तेव्हा आपल्याचकडचे की ते. इथून जाणाऱ्या घान रेल्वेचं नाव त्या 'अफगाण'वरूनच पडलंय. जूनमध्ये बीनी फेस्टिव्हल, वाळवंटात लोकरीच्या टोप्यांचा उत्सव, कारण तेव्हा इथे हिवाळा, रात्री पारा शून्याखाली जातो. एप्रिलमध्ये पार्टजिमा, मॅकडोनेल डोंगररांगेवर दोन किलोमीटरहून जास्त लांबपर्यंत रंगीत प्रकाश सोडतात, आणि तेही फुकट.

आणि "नुसते दगड" हा शब्द मला फार लागलाय. इथल्या अरंडा लोकांसाठी हे डोंगर म्हणजे त्यांचे सुरवंट पूर्वज आहेत, त्यांनीच ही जमीन घडवली असं ते मानतात. आपला पांडुरंग काळ्या दगडाचा, उभा तो विटेवर, आपण त्याच्यासाठी तीन आठवडे पावसात चालतो, आणि दुसऱ्याच्या देवाला दगड म्हणायचं? आपण?

आता जरा शांत होऊन लिहिते. त्यांनी शिफ्टा केल्या, मुलं लहान, सगळं कळतं मला. पहिली दोन वर्षं मीसुद्धा कॅलेंडरवर दिवस खोडत होते. कॅझमला पहिल्यांदा गेले तेही ऑफिसमधल्या एका बाईंनी गाडीत घालून नेलं म्हणून. दुपारी बाराच्या सुमारास ऊन त्या चिंचोळ्या खिंडीत सरळ उतरतं, दोन्हीकडच्या भिंती निखाऱ्यासारख्या लाल होतात, थोड्याच वेळात ऊन सरकतं आणि सगळं परत करडं. लोक आपोआप हळू बोलायला लागतात तिथे. बाबांना नेलं तेव्हा त्यांनी भिंतीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला, न बोलता. अजून फोनवर दर पावसाळ्यात विचारतात, "तुझ्या नदीला पाणी नाही ना आलं? शर्यत होणार ना?"

त्या दोघांना मगाशी मेसेज टाकलाय, सामानाचा ट्रक मंगळवारी आहे, रविवार मोकळा आहे, डबा मी आणते, साडेदहाला घ्यायला येते. अजून ब्ल्यू टिक आली नाही. गावात नवीन आलेलं कोणी हे वाचत असेल तर माझ्या गाडीत अजून एक सीट आहे, येताना सिम्पसन्स गॅपला थांबू, ऊन उतरलं की तिथे कातळावर छोटे वॉलबी, कांगारूचे धाकटे भाऊ, येतात. पाणी आणि टोपी तेवढी आपापली आणा.