उलटी खुर्ची

कालपासून वाडीत माझं नाव ‘उलटे खुर्चीवालो’ पडलं आहे. सकाळी पाव आणायला गेलो तर दुकानदाराने सुटे पैसे मोजता मोजता विचारलं, “काय, खुर्ची सुलटी झाली काय?” या विषयावर त्याच्याशी माझा एक शब्द झालेला नव्हता.

प्रकरण एवढंच. पुतण्या, सून आणि त्यांचं सात महिन्यांचं बाळ मुंबईहून रेल्वेने कुडाळला उतरणार होतं. सुनेने बाळाची कारसीट आधीच पार्सलने पाठवली होती आणि फोनवर बजावलं होतं, “काका, नीट बसवून ठेवा हां.” म्हणून मी खळ्यात गाडी उभी करून, चारी दारं उघडी टाकून, एक गुडघा मागच्या सीटवर रोवून घामाने निथळत होतो. अशा वेळी माणूस बाहेरच्या जगाला फक्त पाठमोरा दिसतो, आणि पाठमोऱ्या माणसाला सल्ला द्यायला कोणालाच संकोच वाटत नाही.

शेजारचे तात्या पायरीवर येऊन बसले. पस्तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी तंबाखू मळली, चिमूट दाढेखाली सरकवली आणि निकाल दिला.

“खुर्ची उलटी बसवलंस रे.”

“उलटीच बसवायची असते, तात्यानू.”

“पोराक काय शिक्षा केलंस? पाठ करून बसवतंस ता?”

आता हे समजावून सांगायचं तर भौतिकशास्त्र आलं. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी समोर आदळली आणि आतला माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, असं धरा. त्या क्षणी प्रत्येक गोष्टीचा भार साधारण वीसपट होतो. आठ किलोचं बाळ दीडशे किलोंच्या वर जातं. त्यात लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानाने भलतंच मोठं, जन्मताना तर लांबीच्या जवळजवळ पाव भाग, आणि मानेची हाडं अजून पुरती हाडं झालेलीच नसतात. तोंड पुढे करून बसवलं तर धड पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढे झेपावतं. मागे तोंड असलं तर डोकं, मान, पाठ सगळी एकदम सीटच्या पाठीत रुतते आणि धक्का सगळीकडे वाटला जातो. ‘आय-साइझ’ म्हणून जो नवा युरोपीय नियम आहे, त्यात 15 महिन्यांच्या आत बाळाला पुढे तोंड करून बसवायला सरळ बंदीच आहे. जुन्या नियमातल्या सीटवर वजन लिहिलेलं असतं, 13 किलोपर्यंत मागे तोंड. बारा-पंधरा महिन्यांनंतरही जितके दिवस बाळ त्यात मावेल तितके दिवस उलटं ठेवावं, पाय दुमडले म्हणून काही बिघडत नाही.

हे सगळं मी सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकलं, पिंक टाकली आणि म्हणाले, “पस्तीस वर्सां चालवलंय. एक पण प्याशिंजर उलटो बसवक नाय.”

यावर काय बोलणार?

मी पुन्हा आत वाकलो. मागच्या दोन्ही कडेच्या सीटना, पाठ आणि बैठक मिळते त्या फटीत, 28 सेंटिमीटरच्या अंतराने दोन लोखंडी कड्या असतात. बोटाने चाचपल्या की सहा मिलिमीटर जाडीची सळई हाताला लागते. याला आयसोफिक्स म्हणतात. गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्यांनी हार घातला, पेढे दिले, नारळ फोडला, उशीएवढी पुठ्ठ्याची चावी हातात देऊन फोटो काढला; पण या कड्या आहेत हे कोणी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा त्या मुलाने “सर, फुल सेफ्टी आहे” असं म्हणून विषय आटोपला. माझ्या फटीत कड्यांच्या आधी किनाऱ्यावरची वाळू, शेंगांची टरफलं, दोन रुपयांचं नाणं आणि कुठल्याशा सत्यनारायणाच्या प्रसादातला मनुका निघाला. वाळू आधी सुक्या ब्रशने झाडून काढायला हवी, नाहीतर आकडा अर्धवट बसतो. तेल तर मुळीच घालू नये. वाळू चिकटून बसते आणि पुढच्या वेळी आणखी त्रास.

बाळाच्या सीटच्या बैठकीतून दोन दांडे बाहेर ओढायचे, कड्यांवर रोखायचे आणि जोरात ढकलायचं. ‘खट्’ असा आवाज दोनदा यायला हवा. एकदाच आला आणि दुसरा आपण मनाने ऐकला, ही नेहमीची चूक. दोन्हीकडच्या खुणा लाल होत्या त्या हिरव्या झाल्या का, ते डोळ्यांनी बघायचं आणि मग बैठक धरून ओढून खात्री करायची. पुढे एक पाय असतो, तो जमिनीवर टेकेपर्यंत लांबवायचा. पण इतकाही नाही की बैठकच वर उचलली जाईल. आमच्याकडे पावसाळा असो-नसो, गाडीत पायाखाली वर्तमानपत्र असतंच. या पायाखाली ते चालत नाही, सटकतं. जाड रबरी पायपुसणंही काढायचं. आणि काही गाड्यांत त्याच जागी जमिनीत झाकणवाला कप्पा असतो. पोकळ झाकणावर पाय टेकवला तर धडकेत झाकणासकट आत जाईल. गाडीच्या पुस्तकात बघूनच जागा ठरवावी.

“सुंभान बांध,” तात्या म्हणाले. “सोप्यात सोपा.”

माझी बैठक हिरवी झाली होती, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही. पण आयसोफिक्स नसलेल्या जुन्या गाडीत पट्ट्यानेच बसवावी लागते, आणि तिथे तात्यांच्या सुंभाचा मोह बऱ्याच जणांना होतो. उलट्या सीटवर पट्टा जिथून न्यायचा ते निळ्या रंगाने दाखवलेलं असतं, सुलट्या सीटवर लाल. आपल्याकडचे पट्टे हिसका बसला तरच अडकतात, एरवी सैल सुटतात. म्हणून गुडघ्याने सीट दाबून धरायची आणि पट्ट्यातला ढिलेपणा इंच-इंच काढत जायचं. मग पट्टा जिथून जातो तिथेच धरून सीट हलवून बघायची. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर परत पहिल्यापासून. वरून, म्हणजे डोक्याकडून धरून हलवू नये, उलटी सीट तिथे हलतेच, आणि माणूस उगीच घाबरतो. पट्टा सीटला वळसा घालून बकलापर्यंत पोचतच नसेल तर ती सीट त्या गाडीची नव्हेच. सुंभ नको, जोडपट्टा नको, दुसरी सीट बघावी.

इथपर्यंत ठीक होतं. हात धुवायला विहिरीवर गेलो आणि परत येतो तर सीटची टोपली, म्हणजे बाळ बसतं तो वरचा भाग, बैठकीवरून काढून पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी ठेवलेली. बाजूला तात्या कंबरेवर हात ठेवून, भात लावून झाल्यासारखे उभे.

“पुढे बसव. समुद्र दिसात त्याका.”

पुढची सीट हा आमच्याकडे मानाचा मामला आहे. पुढे जावई बसतो, भटजी बसतात, चतुर्थीला गणपती मांडीवर घेऊन घरातला कर्ता बसतो. पहिल्यांदाच गावी येणारं पोर मागे, तेही पाठमोरं? तात्यांना खरोखर वाईट वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

पण पुढे एअरबॅग आहे. 1 एप्रिल 2021पासून नव्या मॉडेलांना आणि त्या वर्षाअखेरीपासून जुन्या मॉडेलांनाही शेजारच्या सीटसाठी ती सक्तीची झाली. ती उशी नव्हे. सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास, पापणी लवायच्या आत, ताशी 300 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने ती डॅशबोर्ड फाडून येते. पट्टा लावून मागे टेकलेल्या मोठ्या माणसाला ती झेलते. उलट्या सीटची पाठ मात्र डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेली असते, आणि त्या पाठीला लागून बाळाचं डोकं. जीव वाचवणारी गोष्ट तिथे घणाचा घाव होते. म्हणून सनशेडवर ते चित्र असतं, बाळाची सीट आणि त्यावर लाल काट. माझ्या सनशेडवर त्या चित्रावर पेट्रोलपंपाच्या पावत्या खोचलेल्या होत्या, हे तात्यांनी लगेच दाखवून दिलं.

“फ्यूज काढून टाक. झाला.”

नाही होत. फ्यूज काढला की एअरबॅगचा दिवा कायमचा पेटतो आणि अपघाताच्या क्षणी पट्टे आवळून धरणारी यंत्रणाही त्याबरोबर बंद पडू शकते. काही गाड्यांत डॅशबोर्डच्या डाव्या कडेला, दार उघडलं की दिसतं, चावीने फिरवायचं बटण असतं. बंद केलं की ‘एअरबॅग ऑफ’चा दिवा लागतो, आणि मोठं माणूस बसलं की आठवणीने परत चालू करायचं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ते नसतंच. माझ्यात नाही. सीट रुळावर पार मागे सरकवणं हा उलट्या सीटवरचा उपाय नव्हे. मागच्या सीटवर, शक्यतो डाव्या बाजूला बसवावं, म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं राहून बाळ उतरवता येतं. मागे खिडकीवरून जी पडद्यासारखी एअरबॅग उतरते ती वरून आणि बाजूने येते, तिचं असं भय नाही.

आणि मांडीवर? काही जण तर मांडीवरच्या बाळालाही आईच्याच पट्ट्यात गुंडाळतात, त्यात आईचा सगळा भार बाळावर येतो. कायद्यालाही मांडी चालत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालसीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे.

“हजार?” तात्या पहिल्यांदाच हलले. “मगे पोलिस दिसलो की बसव.”

तेवढ्यात त्यांनी बरोबर आणलेला बरका फणस, असेल बारा किलोचा, माझ्या पुढच्या सीटवर ठेवला. बहिणीकडे पोचवायचा होता. मी चावी फिरवली आणि गाडी टुंग-टुंग बोंबलायला लागली. तात्यांनी एका क्षणाचाही विचार न करता पट्टा ओढला, फणसाच्या पोटावरून नीट घेतला आणि खट् करून लावला. वर एक थाप मारली.

“फणसाला पट्टा, तात्यानू?”

“तो बोंबलता म्हणान.”

मी हात टेकले. आणि मग, केवळ थकून, म्हणालो, “गणपती घरी आणताना मूर्तीचं तोंड कुठे असतं?”

“आणणाऱ्याकडे,” तात्या म्हणाले. मग थांबले. टोपलीकडे बघितलं. मागच्या सीटकडे बघितलं. “मगे ह्या आधी सांगूक काय झाला तुका?”

वीसपट भार, मानेची हाडं, एअरबॅगचा वेग, सगळं पाण्यात गेलं होतं. याचा मला अजून राग आहे.

संध्याकाळी स्टेशनवर तात्या बरोबर आले. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं होतं, आणि नेमकं तेच चालत नाही. मधला पट्टा पायांतून जायला हवा. दुपटं सोडलं, खांद्याचे पट्टे उलट्या सीटच्या नियमाप्रमाणे खांद्याच्या बरोबरीच्या किंवा किंचित खालच्या खाचांतून घेतले, ओढले. गळ्याच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून बघितला, चिमटीत येत नाही म्हणजे ठीक. मग दुपटं वरून पांघरलं. मे महिना असल्याने बकलाचं लोखंड आधी हात लावून बघितलं, चटका बसतो. सून म्हणाली, “काका, मस्त बसवलीय.”

“मीच सांगितलंय त्याका,” तात्या पुढच्या सीटवर, मानाच्या जागी, बसत म्हणाले. “पोराक उलटा बसवूचा. गणपतीसारख्या.”

गाडी सुरू केली. टुंग-टुंग. तात्यांनी पट्टा ओढला, पाठीमागून नेला, बकलात अडकवला आणि त्याच्यावर रेलून आरामात बसले. आवाज बंद झाला. फणसाला निदान पुढून तरी लावला होता.