नागरी समाजाला सामावून घेताना

साहेब, शेजारी देशाशी सहकार्य करायची वेळ आलीच आणि वरून ‘नागरी समाजालाही सामावून घ्यावे’ असा शेरा पडला, तर मुळीच घाबरू नका. दिल्ली आणि इस्लामाबाद या दोघांनीही हे तंत्र उत्तम साधलंय. त्यांच्याकडे बघून शिका.

आधी नागरी समाज म्हणजे कोण ते ठरवा. निवृत्त सचिव, निवृत्त राजदूत, निवृत्त जनरल. खुर्चीत असताना इंचभर न हललेली माणसं पेन्शन सुरू झाली की भलतीच समंजस होतात. 1991 साली राजस्थानातल्या नीमराणा किल्ल्यात अशा मंडळींचा संवाद सुरू झाला, तेव्हापासून ही रीत रुळली आहे. नाश्ता तेवढा चांगला ठेवा.

त्रास देतात ती दुसरी माणसं. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी 1994 साली मिळून काढलेल्या पीपल्स फोरमसारखी. ही येतात ती हातात नावांची यादी घेऊनच. यादीत डहाणू-तलासरीचे खलाशी. हे आदिवासी गडी हंगामात ओखा-पोरबंदरला गुजराती मालकाच्या बोटीवर मासेमारीला जातात. गुजरात आणि सिंधच्या मधल्या सर क्रीक खाडीची हद्द दोन सरकारांना अजून कागदावर ठरवता आलेली नाही; ती खलाशाला रात्री पाण्यावर दिसली पाहिजे, अशी अपेक्षा. नाही दिसली की बोट जप्त आणि माणूस कराचीच्या मलीर तुरुंगात. तिकडचे कोळी असेच इकडच्या तुरुंगात.

अशा वेळी कामं वाटून द्या. कैद्यांबाबतचा दोन्ही देशांचा 2008चा करार आपल्यापाशी आहेच: अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीची भेट, शिक्षा संपून राष्ट्रीयत्व पटलं की महिन्याभरात सुटका. करार फायलीत नीट ठेवा. राष्ट्रीयत्व पटवण्याचं काम खलाशाच्या बायकोकडे सोपवा. ती मजुरी बुडवून तलाठी, ग्रामसेवक, पोलीस ठाणं अशा खेपा घालते. रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळलं नाही, की पुन्हा पहिल्यापासून. झेरॉक्स गोळा करून कार्यकर्ते पाठपुरावा करतात. मलीरहून सुटलेल्यांना लाहोरपर्यंत आणायचा खर्च तिकडचीच सेवाभावी संस्था एधी फाउंडेशन उचलते, वर हातात भेटवस्तूही देते. आपण वाघा सीमेवर फोटोपुरतं उभं राहावं. यालाच सहभाग म्हणतात.

फारच रेटा आला तर समिती नेमा. 2007 साली दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची अशी समिती झाली. न्यायाधीश तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटू लागले, शिफारशी करू लागले. असं काम करणारी समिती बरखास्त कधीच करू नये, ओरड होते. नुसती बैठक बोलवायची नाही. ऑक्टोबर 2013नंतर ती बोलावलेली नाही. 2018 साली समिती पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेवढ्यावर लोक खूश झाले.

व्हिसा मात्र हातचा सोडू नका. शहरापुरता द्या, वर पोलिसांत हजेरी लावा. शांततावादी माणूस निम्मा तिथेच गार होतो. एप्रिल 2025मध्ये वाघा सीमेवरचं आपल्या बाजूचं अटारीचं फाटकच बंद झालं, त्यामुळे तेही कष्ट वाचले.

मार्च 2024मध्ये डहाणूकडचा एक खलाशी कराचीत कैदेत वारला. मृतदेह घरी यायला महिना उलटून गेला. असं कोणी तोंडावर बोललंच तर ‘प्रक्रिया सुरू आहे’ म्हणा. प्रक्रिया खरंच सुरू असते, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही.

बाकी 1 जानेवारी आणि 1 जुलै या दोन तारखा चुकवू नका. त्या दिवशी दोन्ही सरकारं कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, संबंध कितीही ताणलेले असोत. जुलै 2025च्या पाकिस्तानच्या यादीत 193 भारतीय मच्छीमार होते. कारकुनाला मागच्या वेळचं प्रसिद्धिपत्रक उघडायला सांगा. आकडे बदलायचे, तारीख बदलायची. मानवतावादी प्रश्नांना प्राधान्य देण्याचं वाक्य आहे तसंच राहू द्या, ते तपासायची गरज नाही.