रिकामी बाटली, भरलेला शनिवार

बर्लिनला आलेला मराठी माणूस एक वेळ ब्रांडेनबुर्ग दरवाजा बघायचा विसरेल, पण रिकाम्या बाटल्या परत करायच्या राहिल्या तर त्याला झोप लागायची नाही. पाण्याची बाटली घेतली की पावतीवर पाण्याची किंमत एका ओळीत आणि खालच्या ओळीत २५ सेंट अनामत. इथे तिला ‘फांट’ म्हणतात. स्वस्तातलं पाणी घ्यावं तर कधी कधी पाण्यापेक्षा बाटलीच महाग. सहा बाटल्यांच्या गठ्ठ्यामागे दीड युरो अडकतो, आणि दीड युरोचे रुपये किती हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

दर सरसकट असते तर बरं झालं असतं. एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन २५ सेंट. बिअरची पुन्हा भरायची काचेची बाटली ८ सेंट, पण तिला तारेचा चाप असलेलं बूच असेल तर १५. क्रेटचे वेगळे दीड युरो. म्हणजे वीस साध्या बाटल्यांसकट क्रेट परत केला की ३ युरो १० सेंट. हे पाठ असलेला माणूस बर्लिनकर झाला असं मी खुशाल समजतो, मग व्हिसा काही का म्हणेना.

परतीचं यंत्र सुपरमार्केटच्या अशा कोपऱ्यात असतं, जिथे शिळ्या बिअरचा वास येतो आणि बूट फरशीला चिकटतात. गोल भोकात बाटली आडवी, बूड पुढे करून ठेवायची. ती आत गरागरा फिरते, बारकोड वाचला जातो आणि एकदा वापरायची प्लास्टिकची असेल तर मागे कचाकच चुरडली जाते. तीच पुन्हा आणून कुणी पैसे काढू नयेत म्हणून.

आणि इथेच आपले संस्कार आडवे येतात. भारतात बाटलीवरच छापलेलं असतं, वापरून झाल्यावर चुरगाळा. तशी चेपलेली बाटली हे यंत्र, फाटकी नोट परत करणाऱ्या एसटी कंडक्टरच्या थंडपणाने, बाहेर ढकलतं. उपाय एकच: झाकण काढून तोंडाने जोरात फुंकायचं, बाटली फुगली की झाकण घट्ट लावायचं. चांगला सुटाबुटातला माणूस कोलाच्या बाटलीत प्राण फुंकताना दिसला की समजावं, २५ सेंटचा प्रश्न आहे. लेबलच फाटलं असेल तर मात्र प्राणायाम वाया.

रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी रांग. आपल्या पुढे हमखास आदल्या रात्रीची पार्टी दोन मोठ्या पिशव्यांत भरून आणलेला तरुण असतो आणि त्याच्या विसाव्या बाटलीला यंत्र म्हणतं, आतली पेटी भरली. मग घंटी वाजवायची आणि कर्मचाऱ्याची वाट बघायची. शेवटी पावतीचं बटण दाबताना नीट बघावं. काही यंत्रांवर दुसरं बटण देणगीचं असतं आणि घाईत माणूस दानशूर होतो. पावती मिळाली की ती त्याच दुकानात, काउंटरवर पैसे देण्याआधी पुढे करायची. कोटाच्या खिशात राहिली तर ती थेट पुढच्या हिवाळ्यात सापडते.

बागेत बसून प्यायलात तर बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, डब्याशेजारी उभी ठेवा. त्या गोळा करून चार पैसे मिळवणारी माणसं फिरत असतात. निदान त्यांना डब्यात हात तरी घालावा लागत नाही. वाइनच्या बाटलीला मात्र बहुधा कुणी विचारत नाही. ती काच टाकायच्या डब्यात, पांढरी वेगळी, रंगीत वेगळी. आणि रविवारी तर नाहीच, आवाज ऐकून शेजारी खिडकीत येतात.