मॅडम, कौन सा वाला 158?

'158 नंबरचं पान काढा' एवढं वाक्य बोललं की माझ्या तासाची पहिली पंधरा मिनिटं गेलीच म्हणून समजा. इंदूरला बी.ए.च्या पोरांना इतिहास शिकवते, पुस्तक म्हणजे कंपनी सरकारच्या माल्कमसाहेबाचं 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया', 1823 चं, दोन खंड, आणि दोन्हीच्या पीडीएफ व्हॉट्सॅप ग्रुपवर. आता छापलेलं 158 वेगळं आणि पीडीएफचं 158 वेगळं, कारण सुरुवातीचं कव्हर, कोरी पानं, कुठल्याशा परदेशी लायब्ररीचा शिक्का हे सगळं फोन इमानदारीत मोजतो. अर्धी पोरं वरचा नंबर बघतात, अर्धी खालचा, मागून आवाज येतो, 'मॅडम, कौन सा वाला 158?' एकाने तर दुसराच खंड उघडलेला, तो बिचारा महसुलाच्या आकड्यांत आणि आम्ही अहिल्याबाईंच्या दरबारात.

हुशार असतात ते सर्च मारतात. 'मराठा' टाकलं, रिझल्ट शून्य. पानोपानी मराठे आणि शून्य! साहेबाने स्पेलिंगमधे एक एच जास्तीचा घुसवलाय आणि टी दोन-दोन. मालव्याचा नकाशा स्कॅन केलाय तो घडीसकट, महेश्वर घडीच्या आत. एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, गुलाबी रबरी टोपी घातलेला, नेमका सालावर.

पहिल्या बाकावरची मुलगी एवढं झूम करते की स्क्रीनवर तीनच शब्द मावतात, मग बोटाने ओळ ओढत ओढत टोकाला जायचं, परत येईपर्यंत खालची ओळ हरवलेली, सापडली रे सापडली की वरून पट्टी उतरते, 'मम्मी: आते हुए सेव ले आना', की गेल्या अहिल्याबाई.

पण पीडीएफला नावं नाही हं ठेवणार मी. आमच्या वेळी हे पुस्तक कपाटात, कपाटाला कुलूप, आणि चावी ज्या भाऊंकडे ते जेवायला गेलेले ते गेलेलेच. आज लोकमान्य नगरातल्या पोराच्या खिशात माल्कम आहे. हाच माणूस डिसेंबर 1817 ला महिदपूरला आपल्या होळकरांविरुद्ध लढला, मंदसौरचा तह करून घेतला, आणि मग मालव्यातल्या लोकांना विचारून विचारून, 1795 लाच गेलेल्या अहिल्याबाईंचं इतकं भरभरून लिहून बसला की वाचताना आपल्यालाच प्रश्न पडतो, हा नक्की कुणाकडचा? हे मला पोरांना सांगायचं असतं, खरं तर तेवढंच सांगायचं असतं, आणि तिथेच घंटा होते.

परवा असाइनमेंट तपासायला घेतल्या. संदर्भाच्या यादीत एकाने लेखक लिहिलेत, सर जॉन माल्कम आणि डिजिटाइज्ड बाय गूगल. बोलावून विचारलं, हे काय रे? तर अगदी शांतपणे म्हणतो, 'मॅडम, हर पन्ने पे नीचे उसी का नाम है, माल्कम का तो बस शुरू में एक बार आ रिया है.'