‘एका वाक्यात मिटले असते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स.न.वि.वि.

कथाकादंबऱ्या आणि मालिकांतील गैरसमजांविषयी मी लिहिलेल्या लेखावरील आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. मनापासून आभार. ‘छान लिहिलेत’ आणि ‘काहीही लिहिता’ या दोन टोकांच्या मधल्या जागेत सहसा कोणी लिहीत नाही. आपण लिहिलेत आणि चांगली खरडपट्टी काढलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

माझे विधान असे होते की, बोलायला काहीही अडचण नसताना केवळ पात्रे बोलत नाहीत म्हणून जो संघर्ष उभा राहतो, तो कच्चा असतो. आपला पहिला आक्षेप असा की, ही कसोटी लावली तर कर्णाची कथा, शेक्सपिअरचे ऑथेल्लो आणि कालिदासाचे शाकुंतल, तिन्ही नापास होतील. दुसरा असा की, माणसे प्रत्यक्षातही बोलत नाहीत, आपल्याकडच्या सुनांना तर बोलण्याची मुभाच नसते, आणि ‘बोलून टाका’ हा उपदेश शहरातल्या तीन माणसांच्या फ्लॅटमध्ये बसून करणे सोपे आहे. शेवटी आपण विचारले आहे की, सगळेच खरे बोलू लागले तर मालिकांनी दाखवायचे तरी काय? आपल्या प्रतिक्रियेत माझ्या विधानातले ‘बोलायला काहीही अडचण नसताना’ हे शब्द मात्र गळून पडले आहेत, आणि माझे सगळे म्हणणे त्या शब्दांवरच उभे आहे.

कर्णाबद्दल आपण लिहिता की, कुंतीने वेळीच तोंड उघडले असते तर कुरुक्षेत्र टळले असते. ‘वेळीच’ या शब्दाकडे नंतर येतो. पण कुंतीने युद्धाआधी तोंड उघडले होते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. महाभारताच्या उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर हस्तिनापुराहून परत निघालेला कृष्ण कर्णाला आपल्या रथात घेतो आणि त्याच्या जन्माची हकिकत त्याला सांगतो. लग्नाआधी झालेला मुलगा शास्त्राने नवऱ्याचाच मानला जातो, तेव्हा तू थोरला पांडव आहेस, राज्य तुझे आहे, पाचही भाऊ तुझ्या पायाशी येतील, इतक्या स्वच्छ शब्दांत सांगतो. त्यानंतर कुंती स्वतः गंगेच्या काठी जाते. कर्णाचा जप चाललेला असतो. तो संपेपर्यंत ती थांबते आणि उन्हाचा ताप सोसवेना तेव्हा त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते. मग तीही तेच सांगते, आणि तिचे बोलणे खरे आहे अशी साक्ष सूर्य स्वतः देतो. यापेक्षा प्रामाणिक संवाद आणखी कोणता असायचा?

तरीही काही बदलत नाही, कारण कर्णाचे भांडण माहितीच्या अभावातून आलेलेच नाही. ज्या अधिरथ-राधेने वाढवले, ज्यांच्या जातीत लग्ने झाली, मुले-नातवंडे झाली, त्यांना सोडून तो कसा येणार? ज्या दुर्योधनाचे मीठ खाल्ले त्याला ऐन वेळी तोंडघशी कसे पाडणार? तुझे पाच मुलगे पाचच राहतील, एवढेच वचन तो कुंतीला देतो. उलट, ही गोष्ट युधिष्ठिराला कळू देऊ नकोस अशी विनंती तोच कृष्णाला करतो. युधिष्ठिराला कळले तर तो राज्य माझ्या हाती ठेवील आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन, असे त्याचे कारण आहे. म्हणजे या कथेतले उरलेले मौनसुद्धा विचार करून, मोल जाणून पत्करलेले मौन आहे. आता ‘वेळीच’विषयी. कुंतीला पहिली संधी होती ती राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेच्या वेळी. कर्ण आणि अर्जुन समोरासमोर ठाकलेले पाहून ती मूर्च्छित पडते आणि विदुर चंदनाचे पाणी शिंपडवून तिला शुद्धीवर आणतो. त्या क्षणी बोलायचे म्हणजे अवघ्या हस्तिनापुरासमोर, भीष्म-धृतराष्ट्रांच्या देखत, पांडूच्या विधवेने कुमारवयातल्या अपत्याची कबुली द्यायची. ही किंमत वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. (जाता जाता, युद्धानंतर हे सत्य कळल्यावर युधिष्ठिर शाप देतो तो असा की, यापुढे स्त्रियांच्या पोटात कोणतेही गुपित राहणार नाही. आयुष्यभर गुपित सांभाळून जिचे काळीज जळाले, तिच्या वाट्याला आलेला हा निवाडा!)

ऑथेल्लोचे प्रकरण याहून बारीक आहे. रुमालाची गोष्ट आपण ‘एका वाक्याचा प्रश्न’ म्हणून सांगता, पण तिसऱ्या अंकातला तो प्रवेश जरा जवळून पाहू. हाताखालचा इयागो बायकोविषयी ऑथेल्लोचे कान भरतो आहे. ऑथेल्लोचे डोके दुखते म्हणून त्याची बायको डेस्डेमोना त्यानेच दिलेला रुमाल त्याच्या कपाळाला बांधू पाहते. रुमाल लहान पडतो असे म्हणून ऑथेल्लोच तो झिडकारतो, आणि रुमाल खाली पडतो. डेस्डेमोनाची दासी एमिलिया तो उचलून नवऱ्याला, म्हणजे इयागोला, देते. पुढच्या प्रवेशात डेस्डेमोना तिला विचारते की, रुमाल कुठे बरे पडला असेल, आणि एमिलिया सांगते की, मला ठाऊक नाही. त्यानंतर ऑथेल्लो येतो, रुमाल मागतो, त्याच्या धाग्यांत जादू आहे आणि तो हरवणे म्हणजे सर्वनाश, अशी कहाणी ऐकवून बायकोला घाबरवतो, आणि ती घाबरून खोटे बोलते की, हरवलेला नाही. एमिलिया हे सगळे तिथेच उभी राहून ऐकत असते. एक वाक्य तिच्या ओठांवर आहे आणि ती ते बोलत नाही.

हे मौन मला कच्चे का वाटत नाही, याचे उत्तर शेवटच्या अंकात आहे. डेस्डेमोनाचा जीव गेल्यावर एमिलिया बोलू लागते. इयागो तिला गप्प राहायला आणि घरी जायला फर्मावतो. नवऱ्याची आज्ञा पाळणे योग्य खरे, पण आता नाही, आणि कदाचित मी पुन्हा घरी जाणारही नाही, अशा अर्थाचे बोलून ती रुमालाची सगळी हकिकत सांगते, आणि इयागो तिला तिथेच भोसकतो. बोलण्याची किंमत काय होती हे नाटककाराने अखेर वसूल करून दाखवले आहे. शिवाय त्याआधी, चौथ्या अंकात, ऑथेल्लोने एमिलियाला बायकोच्या वर्तनाविषयी खोदून विचारलेले आहे आणि तिने आपला जीव गहाण ठेवून डेस्डेमोना निर्दोष असल्याचे सांगितले आहे. खरे उत्तर मिळाले, पण ऐकणाऱ्याने ते मानले नाही. ज्याचा कान आधीच दुसऱ्याने भरला आहे, त्याच्यापुढे खरे वाक्यही खोट्याइतकेच हलके होते. हे त्या नाटकाचे दुखणे आहे आणि ते ‘बोलून टाका’ने बरे होणारे नाही. आपण रोमिओच्या पत्राचाही उल्लेख केला आहे. ते पत्र नेणाऱ्याला साथीच्या संशयावरून घरात कोंडतात म्हणून ते पोचत नाही. तिथे कोणी गप्प बसलेलेच नाही, तेव्हा तो विषय बाजूला ठेवतो.

याच संदर्भात आपल्या गोविंद बल्लाळ देवलांची आठवण होते. ऑथेल्लोवरून ‘झुंझारराव’ त्यांनी 1890 मध्ये मराठीत आणले आणि एका तसबिरीवरून चार माणसांच्या डोक्यात संशयाचे भूत शिरवणारे ‘फाल्गुनराव’ही त्यांचेच, जे पुढे 1916 मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आले. मूळ फ्रेंच नाटककार मोलियेरचे, आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून आलेले. पण मराठी प्रेक्षकाने ते इतके आपलेसे केले की, त्याचे मूळ बाहेरचे आहे हे कोणी मनावर घेत नाही. तर एकाच लेखकाने एकीकडे रुमाल हाताळला आणि दुसरीकडे तसबीर. वस्तू दोन्ही क्षुल्लक आणि गैरसमजाची तऱ्हाही एकच, की चुकीच्या हातात चुकीची वस्तू दिसते. पण फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका गप्प बसणारी माणसेच नाहीत. ती कडाकडा भांडतात, एकमेकांच्या तोंडावर आरोप करतात, आणि तरी संशय वाढतच जातो, कारण तो तसबिरीत नसून त्यांच्या स्वभावात आहे. प्रेक्षकाला पहिल्यापासून सगळे ठाऊक असते, म्हणून तो हसतो. आणि एका रात्रीत खेळ आटोपतो, म्हणून तो हसत घरी जातो. हाच मालमसाला चारशे भागांत पसरवून गंभीर पार्श्वसंगीतासह वाढला तर काय होईल, हे मी वेगळे सांगायला नको.

शाकुंतलाच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी अर्ध्या वाटेपर्यंत येतो. राजा तुला विसरेल हा दुर्वासाचा शाप शकुंतलेच्या सख्या अनसूया आणि प्रियंवदा या दोघींनी ऐकलेला आहे, उःशापही त्यांना ठाऊक आहे, आणि तरी त्या शकुंतलेला सांगत नाहीत. कारण काय, तर नवमालिकेच्या वेलीवर उकळते पाणी कोण ओतील? निरोप घेताना त्या एवढेच म्हणतात की, राजाने ओळखायला वेळ लावला तर ही अंगठी दाखव. आणि ती दचकते तेव्हा, घाबरू नकोस, प्रेमाला नसत्या शंका येतात, अशी समजूत घालतात. खरे सांगितले असते तर शचीतीर्थाला नमस्कार करताना तिने बोटाकडे लक्ष दिले असते. सख्यांचे हे मौन हळुवार आहे, पण कथानकाला ते फार सोयीचेही आहे, आणि कालिदास म्हणून मी त्याला सूट देणार नाही. महाभारतातल्या मूळ कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथे दुष्यंताला सगळे आठवत असते आणि लोक काय म्हणतील म्हणून तो जाणूनबुजून बायकोला नाकारतो. संघर्ष म्हणून मला तो अधिक कणखर वाटतो. कालिदासाने नायकाला दोषमुक्त करण्यासाठी जी तडजोड केली, तिचा सांधा सख्यांच्या मौनात दिसतो.

पण कालिदास अर्धी वाट चालून थांबत नाही. पाचव्या अंकात, अंगठी नाही हे कळल्यावर, शकुंतला बोलते. दीर्घापांग नावाच्या हरणाच्या पाडसाची आठवण ती राजाला करून देते: कमळाच्या पानाच्या द्रोणातले पाणी पाडसाने राजाच्या हातून घेतले नाही, तिच्या हातून घेतले, आणि तेव्हा राजा गमतीने काय बोलला होता. इतकी खासगी, इतकी खरी गोष्ट भर दरबारात सांगावी लागते, आणि समोरचा माणूस ती बायकांची लबाडी म्हणून उडवून लावतो. चौथ्या अंकात लपवलेले एक वाक्य आपण विसरून जातो, कारण बोललेली वाक्ये कशी वाया जातात ते कवी डोळ्यांसमोर घडवतो.

आता सुनांचा मुद्दा. तो आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत वजनदार भाग आहे आणि त्यातली वस्तुस्थिती मला पूर्ण मान्य आहे. मोठ्यांसमोर बोलायचे नाही, माहेरचे सासरी सांगायचे नाही आणि सासरचे माहेरी तर मुळीच नाही, या शिस्तीत बायकांच्या पिढ्या गेल्या. पण आपण ज्या मालिकांची बाजू घेता त्यांत ही शिस्त दिसते का? तिथली नायिका सासूला खडे बोल सुनावते, गावगुंडांना दम देते, कंपनीच्या बैठकीत भागीदारांची तोंडे बंद करते, आणि रात्री दार लोटून घेतल्यावर, समोर प्रेमळ नवरा बसलेला असताना, ‘ती चिठ्ठी मी लिहिलेली नाही’ एवढे पाच शब्द तिच्या तोंडातून निघत नाहीत. ‘मला तुझ्याशी काही बोलायचे आहे’ असे ती म्हणते, ‘आधी माझे ऐक’ असे तो म्हणतो, तेवढ्यात फोन वाजतो, आणि तो विषय पुन्हा तीन आठवड्यांनी निघतो. याला दडपलेल्या स्त्रीचे मौन म्हणणे म्हणजे ज्या बायका खरोखर गप्प राहिल्या त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांना कोणाचे भय होते, काय गमवावे लागले असते, कोणाच्या जिवावर दोन वेळचे जेवण होते, हे दाखवा. मग तिने शंभर भाग तोंड उघडले नाही तरी मी तक्रार करणार नाही.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. एक नेहमीचे कथाबीज घेऊ: नायिकेचा आधी घटस्फोट झालेला आहे आणि सासरी ते ठाऊक नाही. ठराविक पद्धतीने हे गुपित तीनशे भाग लांबवले जाते आणि ऐन सत्यनारायणाच्या पूजेत खलनायिका ते फोडते. त्याऐवजी तिने तिसऱ्याच भागात सगळे सांगून टाकले असे समजा. नवरा म्हणतो, मला काही फरक पडत नाही. सासू थोडा वेळ गप्प राहते आणि म्हणते, आमचीही हरकत नाही, पण हे चार माणसांत बोलायचे नाही. म्हणजे सुनेने खरे सांगितले, आणि आता खोटे बोलायचा हुकूम घराकडून सुटला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, लग्न उशिरा का झाले? सासू परस्पर उत्तर देते, शिकत होती ना. पुढे नणंदेला स्थळ येते, बघायला आलेल्यांतली एक बाई सुनेच्या पहिल्या सासरच्या गावची निघते, आणि नणंदेचे लग्न ठरायचे असेल तर कोणी काय बोलायचे हे घरातल्या प्रत्येकाला ठरवावे लागते. सासरे म्हणतील सांगून मोकळे व्हा, नणंद म्हणेल माझ्याच वेळी का, आणि ज्या नवऱ्याला फरक पडत नव्हता त्याला आता पडू लागेल. असे लिहायला प्रत्येक पात्राच्या मनात शिरावे लागते, त्याला वेळ लागतो, आणि रोजचा भाग रोज हातावेगळा करणाऱ्या लेखकाकडे तो नसतो, हे मी समजू शकतो. पण ती अडचण निर्मितीच्या वेळापत्रकाची आहे. आपण म्हणता तशी ती आपल्या समाजाची नव्हे.